धुळीतल्या विषाचा माग

कामगाराच्या आजाराचे मूळ त्याच्या कामातही शोधावे लागते, हे आज वैद्यकाचा विद्यार्थीही जाणतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेत मात्र ते सिद्ध करण्यासाठी एका महिला डॉक्टरला एकेका कारखान्याचे दार ठोठवावे लागले. हातात कोणताही कायदेशीर अधिकार नसताना व्यवसायजन्य रोगांचा माग काढणाऱ्या डॉ. अ‍ॅलिस हॅमिल्टन यांची ही जीवनकथा.

१९१० च्या सुमाराची गोष्ट. शिकागोत एका पोलिश कामगाराची दोन्ही मनगटे लुळी पडली होती आणि पोटात असह्य कळा येत होत्या. लक्षणे उघडउघड शिशाच्या विषबाधेची होती. परंतु त्याचा व्यवसाय होता न्हाणीघरातील लोखंडी टबांना एनॅमलचा मुलामा देण्याचा. या कामात शिसे वापरले जाते, असा उल्लेख इंग्लंड-जर्मनीतील ग्रंथांतही सापडत नव्हता. डॉ. हॅमिल्टन त्या कारखान्यात गेल्या. तेथील मुकादमाने त्यांना काम दाखवले आणि येथे शिशाचा कणही वापरला जात नाही, अशी ग्वाही दिली. पाहणी तेथेच संपली असती, तर अहवालात शिसे नाही एवढीच नोंद झाली असती.

पण डॉ. हॅमिल्टन कारखान्यातून निघून थेट पोलिश वस्तीत त्या कामगाराच्या घरी गेल्या. तेथे खुलासा झाला. त्यांना दाखवण्यात आले होते ते केवळ शेवटचा हात फिरवण्याचे काम. खरा मुलामा दुसऱ्याच ठिकाणी चढवला जात होता. तेथे भट्टीतून लालभडक टब बाहेर आला की कामगार त्यावर एनॅमलची बारीक पूड शिंपडत आणि ती पूड हवेत पसरून त्यांच्या श्वासावाटे शरीरात जाई. डॉ. हॅमिल्टन यांनी त्या पुडीचा नमुना मिळवून तपासून घेतला. तीत २० टक्क्यांपर्यंत विद्राव्य शिसे निघाले.

कारखाना पाहायचा, पण त्यावर विसंबायचे नाही. मालकाचे ऐकायचे, पण कामगाराच्या घरी जाऊन पडताळायचे. आणि अखेरचा निर्णय प्रयोगशाळा व रुग्णालयाच्या कागदांवर सोडायचा, ही त्यांची पद्धत होती. अमेरिकेतील औद्योगिक वैद्यकाचा पाया तिच्यावरच घातला गेला.

घर आणि घडण

अ‍ॅलिस हॅमिल्टन यांचा जन्म २७ फेब्रुवारी १८६९ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. बालपण मात्र इंडियाना राज्यातील फोर्ट वेन या गावी गेले. घराणे सधन आणि सुसंस्कृत होते. चार बहिणी आणि एक भाऊ अशी ही भावंडे. सर्वांत थोरली ईडिथ पुढे प्राचीन ग्रीक संस्कृतीची भाष्यकार म्हणून विख्यात झाली. मुलींचे प्रारंभीचे शिक्षण शाळेत न होता घरीच झाले. त्यामुळे भाषा आणि साहित्य यांची गोडी लागली, परंतु गणित व विज्ञान यांची बाजू लंगडी राहिली.

१८८५ मध्ये वडिलांचा किराणा मालाचा घाऊक व्यापार बुडाला आणि मुलींना आपापल्या पायांवर उभे राहणे भाग पडले. अ‍ॅलिस यांनी वैद्यक निवडले ते विज्ञानाच्या ओढीने नव्हे. डॉक्टर झालेली स्त्री कोठेही जाऊन उपयोगी पडू शकते आणि कोणाच्या हुकमाखाली राहत नाही, हा त्यामागचा विचार होता. विज्ञानातील उणीव भरून काढत त्यांनी १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेतली.

रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत त्यांचे मन अधिक रमू लागले. जीवाणुशास्त्र आणि विकृतिशास्त्र यांच्या अभ्यासासाठी त्या १८९५ मध्ये ईडिथसह जर्मनीला गेल्या. लाइपझिग आणि म्युनिक येथील विद्यापीठांची दारे स्त्रियांना अधिकृतपणे बंद होती. कोणाच्या नजरेत भरणार नाही अशा बेताने वर्गात बसण्याची मुभा तेवढी मिळाली. परतल्यावर काही काळ बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये काम करून १८९७ मध्ये त्या शिकागोतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या.

हल हाऊसची शाळा

शिकागोला जाण्यामागे नोकरीइतकेच दुसरेही आकर्षण होते. जेन अ‍ॅडम्स यांनी १८८९ मध्ये स्थापन केलेली हल हाऊस ही संस्था तेथे होती. इटली, पोलंड, रशिया, ग्रीस अशा देशांतून आलेल्या गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत सुशिक्षित मंडळींनी स्वतः राहायला जावे आणि शेजारधर्माने त्यांच्या अडचणींत उभे राहावे, अशी तिची कल्पना. डॉ. हॅमिल्टन तेथे राहायला गेल्या आणि पुढील बावीस वर्षे हेच त्यांचे घर झाले.

दिवसा महाविद्यालय आणि उरलेल्या वेळात तान्ह्या मुलांचा दवाखाना असा क्रम सुरू झाला. दुधाखेरीज बाळाला काही देऊ नये, हा पुस्तकी सल्ला त्या इटालियन मातांना देत. त्या बायका तो ऐकून घेत आणि आपल्या रीतीने मुलांना भरवत. आपल्या प्राध्यापकांपेक्षा या मातांनाच बाळाची गरज अधिक कळत होती, अशी कबुली डॉ. हॅमिल्टन यांनी पुढे दिली.

याहून मोठा धडा १९०२ च्या विषमज्वराच्या साथीने दिला. हल हाऊसच्या परिसरात साथीचा जोर सर्वाधिक होता. उघडे संडास आणि त्यांवर घोंगावणाऱ्या माश्या पाहून डॉ. हॅमिल्टन यांनी माश्या पकडल्या, प्रयोगशाळेत त्यांची तपासणी केली आणि त्यांच्यावाटे रोगजंतू पसरत असल्याचा निबंध सादर केला. निबंध गाजला, शहराच्या आरोग्य खात्याची चौकशी होऊन काही अधिकाऱ्यांना घरी जावे लागले. पुढे सत्य बाहेर आले ते निराळेच. पाणी पुरवणाऱ्या केंद्रात नळ फुटून मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले होते आणि आरोग्य खात्याने ते दडवून ठेवले होते. माश्यांच्या सिद्धांताने मिळालेली कीर्ती डॉ. हॅमिल्टन यांना कायम बोचत राहिली. आत्मचरित्रात त्यांनी ही चूक न लपवता मांडली. पुरावा पटण्याजोगा असला म्हणजे तो खरा असतोच असे नाही, हे त्या या प्रसंगातून शिकल्या. पुढे शिशाच्या प्रत्येक रुग्णाबाबत त्यांनी जी काटेकोर शहानिशा केली, तिचे मूळ येथे असावे.

वस्तीत राहताना आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेस येत होती. पोलाद कारखान्यांत विषारी वायूने गुदमरलेले, रंगाच्या कारखान्यांत हात लुळे पडलेले धट्टेकट्टे पुरुष चाळिशीच्या आत घरी बसत. त्यांचे दुखणे कोणत्याही सरकारी दप्तरात नोंदले जात नव्हते. इंग्लंडचे डॉ. टॉमस ऑलिव्हर यांचा धोकादायक व्यवसायांवरील १९०२ चा ग्रंथ त्यांच्या वाचनात आला. इंग्लंड आणि जर्मनीत कारखान्यांच्या तपासणीसाठी वैद्यकीय निरीक्षक होते, कायदे होते. अमेरिकन वैद्यकीय साहित्यात मात्र या विषयावर जवळपास शुकशुकाट होता. आपल्याकडचे कारखाने युरोपपेक्षा स्वच्छ असल्याने असे रोग येथे होतच नाहीत, अशी तेथील डॉक्टरांचीही समजूत होती.

सफेदा आणि शेंदूर

ही समजूत तपासण्याची संधी लवकरच आली. १९०८ मध्ये इलिनॉय राज्याच्या गव्हर्नरांनी व्यवसायजन्य रोगांसाठी आयोग नेमला. १९१० मध्ये राज्यव्यापी पाहणी सुरू झाली, तेव्हा तिची सूत्रे डॉ. हॅमिल्टन यांच्याकडे आली. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी त्यांनी प्रयोगशाळा सोडली.

त्यांनी स्वतःकडे घेतला तो विषय शिशाचा. रंगासाठी लागणारा सफेदा, लोखंडाला गंजापासून वाचवणारा शेंदूर, विजेच्या बॅटऱ्या, मातीच्या भांड्यांवरील झिलई, छापखान्यातील खिळे या सर्वांत शिसे होते. शिसे एका दिवसात मारत नाही, ते शरीरात साचत जाते. आधी चेहरा फिका पडतो, भूक मंदावते. मग पोटात शूळ उठतो, मनगटे लुळी पडतात. फार झाल्यास झटके आणि वेडही लागते. इतक्या संथ गतीने येणाऱ्या आजाराचे खापर कामगाराच्या दारूवर किंवा अस्वच्छतेवर फोडणे सोपे होते. हा परदेशी कामगार हात न धुता जेवतो, म्हणून शिसे पोटात जाते, हे मालकांचे ठरलेले उत्तर होते.

डॉ. हॅमिल्टन यांनी यावर वाद घालण्याऐवजी नोंदी गोळा केल्या. रुग्णालयांची जुनी दप्तरे त्यांनी चाळली. वस्तीतील डॉक्टर, औषधविक्रेते, पाद्री, दारूच्या गुत्त्यांचे मालक यांच्याकडे चौकशी केली. आजारी कामगार कोठे काम करतो, नेमके कोणते काम करतो आणि तेथे शिसे कोणत्या वाटेने येते, या तिन्ही गोष्टी जुळल्याखेरीज त्या कोणाचेही नाव यादीत घालत नसत. अशा कठोर कसोटीवर उतरलेले शिसेबाधेचे ५७८ रुग्ण त्यांनी नोंदवले. शिशाचा धोका असलेल्या ७० हून अधिक औद्योगिक प्रक्रिया उजेडात आल्या. दोष न धुतलेल्या हातांपेक्षा हवेतील धुळीचा आणि वाफेचा अधिक आहे, हे त्यातून स्पष्ट झाले. हात धुणे कामगाराच्या हाती होते. हवा शुद्ध ठेवणे मालकाच्या. त्यामुळे या निष्कर्षाने जबाबदारीच एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेली. १९११ मध्ये इलिनॉयने व्यवसायजन्य रोगांविरुद्ध कायदा केला.

दरम्यान १९१० मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत डॉ. हॅमिल्टन यांना खाली मान घालावी लागली. अमेरिकेत औद्योगिक आरोग्य नावाची गोष्टच अस्तित्वात नाही, अशा शब्दांत एका बेल्जियन अधिकाऱ्याने त्यांच्या देशाची संभावना केली. अमेरिकेचे कामगार आयुक्त चार्ल्स नील तेथे उपस्थित होते. इलिनॉयमध्ये केले ते काम देशभर करावे, असा प्रस्ताव त्यांनी डॉ. हॅमिल्टन यांच्यापुढे ठेवला. अटी विलक्षण होत्या. पगार नाही, अहवाल पूर्ण झाल्यावर सरकार तो विकत घेईल. कोणत्याही कारखान्यात शिरण्याचा अधिकार नाही. मालकाने आत घेतले तरच पाहणी. डॉ. हॅमिल्टन यांनी हे काम स्वीकारले.

मालकांच्या सदसद्विवेकावर विश्वास

अधिकार नसल्याने त्यांनी शिष्टाई हे साधन केले. त्या थेट सर्वोच्च अधिकाऱ्याची भेट घेत. त्यांचा स्वभाव सौम्य आणि बोलणे आर्जवी होते. बहुतेक दारे उघडली ती त्यामुळे. नॅशनल लेड या बड्या कंपनीचे उपाध्यक्ष एडवर्ड कॉर्निश यांनी आपल्या कारखान्यात कोणाला विषबाधा होत असेल यावर प्रथम विश्वासच ठेवला नाही. सिद्ध करून दाखवाल तर सांगाल त्या सुधारणा करीन, असे आव्हान मात्र त्यांनी दिले. डॉ. हॅमिल्टन रुग्णालयात उपचार घ्यावे लागलेल्या २२ कामगारांची माहिती घेऊन परत आल्या. कॉर्निश यांनी शब्द पाळला. धूळ आणि वाफ रोखण्याची व्यवस्था झाली आणि कामगारांच्या नियमित तपासणीसाठी डॉक्टर नेमले गेले.

अशा अनुभवांमुळे मालकांच्या सदसद्विवेकावर त्यांचा विश्वास बसला. बहुतेक मालक दुष्ट नसतात, आपल्या कारखान्यात काय चालते हे त्यांना ठाऊकच नसते, अशी त्यांची धारणा होती. ती सर्वस्वी चुकीची नव्हती; पण पुरेशीही नव्हती.

पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याचे कारखाने गुप्तपणे भराभर उभे राहिले. त्यांचे पत्ते सरकारकडेही धड नव्हते. आकाशात उठणारे नायट्रिक आम्लाचे पिवळे-नारिंगी लोट आणि रस्त्यात दिसणारे पिवळ्या पडलेल्या कातडीचे कामगार यांच्या खुणेने डॉ. हॅमिल्टन या कारखान्यांपर्यंत पोहोचत. १९१८ मध्ये इंडियानातील चुनखडकाच्या खाणींत हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्यांनी काम करणाऱ्यांची बोटे थंडीत पांढरी व बधिर पडतात, याचा अभ्यास त्यांनी केला. यंत्राच्या कंपनाने रक्तवाहिन्या आकसतात, हे त्यातून पुढे आले.

हार्वर्डमधील एकटी

१९१९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने औद्योगिक वैद्यकाचा अभ्यासक्रम सुरू करायचे ठरवले. या विषयातील देशातील सर्वांत जाणकार व्यक्ती स्त्री होती, ही विद्यापीठाची अडचण होती. तोवर हार्वर्डमध्ये एकही स्त्री अध्यापक नव्हती आणि वैद्यकीय शाखेत मुलींना प्रवेश मिळायला १९४५ साल उजाडायचे होते. तरीही डॉ. हॅमिल्टन यांना सहायक प्राध्यापकपद देण्यात आले. सोबत तीन बंधने होती: अध्यापकांच्या क्लबात यायचे नाही, फुटबॉल सामन्याची अध्यापकांसाठीची तिकिटे मागायची नाहीत आणि पदवीदान समारंभाच्या मिरवणुकीत चालायचे नाही. त्यांनीही आपली अट घातली. वर्षातील सहा महिनेच शिकवायचे, उरलेला काळ कारखान्यांची पाहणी आणि हल हाऊस यांसाठी. सोळा वर्षांच्या सेवेनंतर १९३५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, त्याही सहायक प्राध्यापक म्हणूनच. बढती त्यांना कधीच मिळाली नाही.

याच काळात १९२५ मध्ये औद्योगिक विषांवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या विषयावरचे ते पहिले अमेरिकन पाठ्यपुस्तक. त्याच वर्षी संशोधनाची मालकी कोणाची, हा प्रश्न त्यांच्या सहकाऱ्यांपुढे उभा राहिला. घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग लावणाऱ्या न्यू जर्सीतील मुलींचे जबडे झडत होते. हार्वर्डचे सेसिल ड्रिंकर यांनी त्या कारखान्याची तपासणी करून दिलेला प्रतिकूल अहवाल कंपनीने दाबला आणि राज्याच्या कामगार खात्यापुढे त्याचे भलतेच रूप मांडले. डॉ. हॅमिल्टन यांना हे कळताच त्यांनी ड्रिंकर दांपत्याला सावध केले आणि मूळ अहवाल प्रसिद्ध झाला.

पेट्रोलमधील शिसे

त्यांच्या विश्वासाची खरी परीक्षा मात्र पेट्रोलने घेतली. मोटारीचे इंजिन अडखळू नये म्हणून पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग मिसळण्यास १९२३ मध्ये प्रारंभ झाला होता. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील तेलशुद्धीकरण केंद्रात या रसायनाची बाधा होऊन पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत दगावले. गदारोळ झाला आणि २० मे १९२५ रोजी वॉशिंग्टन येथे उद्योगपती, डॉक्टर व कामगार प्रतिनिधी यांची परिषद भरली.

उद्योगाचे म्हणणे असे, की धोका कारखान्यापुरता आहे, तो आटोक्यात आणता येईल आणि जनतेला अपाय झाल्याचा पुरावा नाही. डॉ. हॅमिल्टन यांनी विरोधी बाजू मांडली. शिशाचा वापर जेथे होतो तेथे कितीही दक्षता घेतली तरी आज ना उद्या विषबाधा होतेच, हा त्यांचा पंधरा वर्षांचा अनुभव होता. कारखान्याच्या चार भिंतींत धूळ रोखता येते. रस्त्यांवर धावणाऱ्या मोटारींचा धूर कोण रोखणार, हा त्यांचा सवाल होता. दुसरे निर्धोक द्रव्य शोधावे, असा त्यांचा आग्रह राहिला. परंतु तज्ज्ञांच्या समितीने थोड्या महिन्यांच्या अभ्यासावरून १९२६ च्या प्रारंभी बंदीला सबळ कारण नसल्याचा निर्वाळा दिला. विक्री पुन्हा सुरू झाली.

कॉर्निश यांना २२ रुग्ण दाखवता आले होते. येथे दाखवायला रुग्ण नव्हते. ते पुढच्या पिढ्यांत जन्माला यायचे होते. रोग सिद्ध होईपर्यंत द्रव्य निर्दोष मानायचे, की निर्दोष ठरेपर्यंत ते लोकांच्या श्वासात सोडायचे नाही, हा प्रश्न त्या दिवशी उद्योगाच्या बाजूने सुटला. अमेरिकेत रस्त्यावरच्या वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलवर पूर्ण बंदी आली ती १९९६ मध्ये. भारतात देशभर शिसेविरहित पेट्रोल आले २००० साली. त्या काळात मुंबई-पुण्याच्या पंपांवर झळकलेल्या पाट्यांमागे पाऊणशे वर्षांपूर्वी डावलला गेलेला हा इशारा होता. जगातील शेवटचा देश, अल्जेरिया, या पेट्रोलमधून मुक्त झाला तो २०२१ मध्ये.

उत्तरायुष्य

निवृत्तीनंतरही डॉ. हॅमिल्टन थांबल्या नाहीत. कृत्रिम रेशमाच्या कारखान्यांत कार्बन डायसल्फाइडमुळे कामगारांना वेड लागते आणि पाय लुळे पडतात, याची पाहणी त्यांनी १९३७-३८ मध्ये पेनसिल्व्हेनियात करवून घेतली. १९४३ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. कामगार स्त्रियांसाठीचे संरक्षक कायदे मोडीत निघतील या भीतीने त्यांनी स्त्री-पुरुष समानतेच्या घटनादुरुस्तीला दीर्घकाळ विरोध केला होता. परिस्थिती पालटल्यावर १९५० च्या दशकात तो मागे घेतला. माश्यांच्या सिद्धांताप्रमाणेच येथेही मत बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. युद्धविरोधी भूमिका मात्र त्यांनी कधी सोडली नाही. १९१५ मध्ये जेन अ‍ॅडम्स यांच्यासह हेगच्या शांतता परिषदेला गेलेल्या डॉ. हॅमिल्टन यांनी १९६३ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, व्हिएतनाममधून अमेरिकेने बाहेर पडावे या मागणीच्या पत्रकावर सही केली.

२२ सप्टेंबर १९७० रोजी कनेटिकट राज्यातील हॅडलाइम या गावी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २९ डिसेंबर १९७० रोजी, अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षितता व आरोग्याविषयीच्या राष्ट्रीय कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. कारखान्यात शिरून तपासणी करण्याचा जो अधिकार डॉ. हॅमिल्टन यांना सरकारी कामावर असतानाही मिळाला नव्हता, तो या कायद्याने सरकारी निरीक्षकांना दिला.

रोग्याला त्याचा व्यवसाय विचारावा, असे इटलीतील बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्याने १७०० सालीच लिहून ठेवले होते. डॉ. हॅमिल्टन यांनी हा प्रश्न दवाखान्याबाहेर नेला. कामगाराने दिलेले उत्तर घेऊन त्या कारखान्यापर्यंत चालत गेल्या आणि कारखान्याने दिलेले उत्तर पडताळण्यासाठी पुन्हा कामगाराच्या घरी आल्या. एनॅमलच्या पुडीतले शिसे सापडले ते या दुसऱ्या फेरीमुळे.